नैयायिकांचा अवयवी आणि जीवाणूची घडी

अपघातात मांडीचं हाड चुरगळलेला रुग्ण दोन-तीन दिवसांनी अचानक तापाने फणफणतो. नाडी धावू लागते, रक्तदाब उतरतो, फुप्फुसांत पाणी साचतं. लक्षणं सगळी जंतुसंसर्गाची. पण रक्त कल्चरला पाठवलं तर अहवालात एकही जंतू सापडत नाही. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांच्या हा प्रकार चांगलाच ओळखीचा आहे. त्यामागचं एक मोठं कारण २०१० साली बॉस्टनच्या कार्ल हाउझर यांच्या गटाने ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलं. जबर मार लागला की पेशी फुटतात, पेशींमधल्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, त्यांचेही तुकडे होतात आणि तो सगळा चुरा रक्तात उतरतो. शरीराच्या पांढऱ्या पेशी त्या चुऱ्यावर तुटून पडतात. जखमींच्या रक्तात तंतुकणिकांचा डीएनए निरोगी माणसांपेक्षा हजारो पटींनी जास्त आढळला होता.

पांढऱ्या पेशी चुकल्या असंही म्हणता येत नाही. जीवाणू कोणतंही प्रथिन बांधायला घेतात तेव्हा सुरुवात फॉर्मिल मेथिओनिन नावाच्या अमिनो आम्लाने करतात. मानवी पेशीच्या मुख्य कारखान्यात ही पद्धत नाही. तिथे साधं मेथिओनिन चालतं. म्हणून पांढऱ्या पेशींच्या अंगावर फॉर्मिलचा वास घेणारे ग्राही असतात. फॉर्मिल दिसलं की जीवाणू आला, हा त्यांचा हिशेब. आणि तंतुकणिका आपली प्रथिनं अजूनही फॉर्मिल मेथिओनिननेच सुरू करतात. पेशीच्या आत असताना हे कुणाला कळत नाही. पेशी फुटली की कळतं, आणि शरीर स्वतःच्याच तुकड्यांशी लढाई सुरू करतं.

स्वतःच्याच? की दीड-दोन अब्ज वर्षांपूर्वी आत शिरलेल्या एका परक्याच्या?

हा प्रश्न जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत निघाला असला तरी तिथे संपत नाही. आपण ज्याला ‘एक शरीर’ म्हणतो ते खरोखर एक आहे का, की पुष्कळ गोष्टींच्या गोतावळ्याला सोयीसाठी दिलेलं ते एकच नाव आहे, यावर भारतात जवळजवळ हजार वर्षं कडाक्याचा वाद झाला. एका बाजूला न्याय-वैशेषिक, दुसऱ्या बाजूला बौद्ध. भागांना अवयव आणि पूर्ण वस्तूला अवयवी म्हणायचं, हे दोघांनाही मान्य. नैयायिकांचं म्हणणं, अवयवांपासून बनलेला अवयवी ही एक नवी, खरी, वेगळी वस्तू असते: धाग्यांपासून कापड बनतं तेव्हा जगात एका वस्तूची भर पडते. बौद्धांनी विचारलं, मग तराजूत कापड धाग्यांपेक्षा जड का भरत नाही? सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने पेच आणखी आवळला. एक हात हलला तर अख्खा अवयवी हलला की नाही? हलला म्हणावं तर बाकीचं शरीर स्थिर दिसतं. नाही म्हणावं तर एकच वस्तू हललेली आणि न हललेली, दोन्ही ठरते.

या वादाचं लोकांना ठाऊक असलेलं रूप म्हणजे राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा रथावरचा संवाद. आस म्हणजे रथ नाही, चाक म्हणजे रथ नाही, जू म्हणजे रथ नाही. मग रथ कुठे आहे? डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला याच राजाचं नाव दिलं आणि परिसराला नागसेनवन हे नाव मिळालं, त्यामुळे मराठी वाचकाला ही जोडी परकी नाही. पण रथाचा दाखला तंतुकणिकेला फार पुरत नाही. रथाचं चाक कधीकाळी स्वतंत्रपणे जगत नव्हतं. तंतुकणिकेचा पूर्वज जगत होता.

नैयायिकांचं उत्तर त्या मानाने जास्त कामाचं आहे. न्यायसूत्रात अवयवीच्या बाजूने एक खास दैनंदिन युक्तिवाद येतो: वस्तूचा एक भाग धरून ओढला तर सगळी वस्तू ओढली जाते. नुसता ढीग असता तर हातात तेवढाच भाग आला असता. गंमत अशी की भाष्यकार वात्स्यायनच या युक्तिवादावर पूर्ण खूश नाही. लाखेने चिकटवलेले गवत, दगड आणि लाकूड हेही एकत्र ओढले जातात, म्हणून काय त्यांचा एक अवयवी झाला? चिकटलेलं आणि एक झालेलं यांत फरक करायचा तर ओढून बघण्यापलीकडची कसोटी हवी. जीवशास्त्राला नेमका हाच प्रश्न तंतुकणिकेपाशी पडतो: ती पेशीला चिकटलेली आहे की पेशीशी एक झालेली आहे?

तंतुकणिका मुळात जीवाणू होत्या ही कल्पना अमेरिकेतल्या आयव्हन वॉलिन यांनी १९२७ मध्ये पुस्तक लिहून मांडली आणि त्यांच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९६३ मध्ये मार्गिट आणि सिल्व्हन नास यांना तंतुकणिकेत डीएनएचे धागे दिसले. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी हा विचार पुन्हा नेटाने मांडला. १९८१ मध्ये केंब्रिजमध्ये मानवी तंतुकणिकेचा डीएनए अक्षरशः वाचला गेला: १६,५६९ अक्षरं, ३७ जनुकं, त्यांतली प्रथिनांची फक्त १३. आता वंशाबद्दल वाद उरलेला नाही; तो पूर्वज अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया या गटाचा किंवा त्याच्या अगदी जवळचा. टायफसचा रोगजंतू रिकेट्सिया याच गटातला.

पण वंश ठरला म्हणून ओळख ठरली असं होत नाही, आणि इथूनच गोष्ट खरी रंगते.

तंतुकणिकेला दोन पटलं असतात. आतलं पटल सपाट नसतं. ते आत वळून खोल घड्या घालतं. जॉर्ज पॅलाडी यांनी १९५२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या घड्या पाहिल्या आणि त्यांना क्रिस्टी म्हटलं. श्वसनाची सारी यंत्रं याच घड्यांवर बसलेली असतात. प्रत्येक घडी जिथे आतल्या पटलातून फुटते तिथे एक अरुंद गळा असतो, जेमतेम वीस-तीस नॅनोमीटर रुंदीचा. हा गळा घडवणाऱ्या प्रथिनांच्या संचाला मायकॉस म्हणतात आणि त्यातलं मुख्य प्रथिन मिक-६०. ते पटलात रुतून बसतं, पटलाला बाक देतं, आणि दुसऱ्या टोकाने बाहेरच्या पटलातल्या सॅम-५० या प्रथिनाला धरून ठेवतं. पेशीतून मिक-६० कमी केलं की गळे नाहीसे होतात, घड्या मुळापासून सुटतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या एकात एक गुंडाळलेल्या दिसू लागतात.

२०१५ च्या सुमाराला जनुकांच्या तुलनेतून लक्षात आलं की मिक-६०चे नातलग अल्फाप्रोटिओबॅक्टेरियात आहेत. मग प्रश्न असा की जीवाणूत ते काय करत असेल? रोडोबॅक्टर नावाचा जांभळट जीवाणू प्रकाशावर जगतो आणि त्यासाठी आपलं पटल आत वळवून घड्या करतो. तंतुकणिका श्वसनासाठी जे करते तेच हा प्रकाशासाठी करतो. जर्मनीतल्या गटिंगेनच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक झणझणीत प्रयोग प्रसिद्ध केला. ई. कोलाय या जीवाणूकडे मिक-६० नाही आणि अशा घड्याही नाहीत. त्याच्यात त्यांनी एकदा यीस्टचं मिक-६० घातलं आणि एकदा रोडोबॅक्टरचं. दोन्ही वेळा ई. कोलायचं पटल आत वळू लागलं. यीस्ट आणि रोडोबॅक्टर यांच्यात अब्जावधी वर्षांचं अंतर आहे, तरी हात तोच.

सॅम-५० ची कथाही अशीच. जीवाणूच्या बाहेरच्या पटलात पिंपाच्या आकाराची प्रथिनं बसवणाऱ्या बॅम-ए चा तो वंशज, आणि काम अजूनही तेच. ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी ई. कोलायचं असं एक पिंपवजा प्रथिन यीस्टमध्ये तयार करवलं तेव्हा यीस्टने ते बरोबर तंतुकणिकेच्या बाहेरच्या पटलात नेऊन बसवलं. पाहुण्याला पत्ता सांगावा लागला नाही.

इथपर्यंत वाचून बौद्ध पक्ष हसत असणार. बघा, तुमच्या ‘एक’ पेशीच्या पोटात जीवाणूचे अवयव जसेच्या तसे आहेत. अवयवी कुठे आहे?

पण मिक-६०चं जनुक कुठे आहे ते पाहिलं की पारडं फिरतं. ते तंतुकणिकेच्या ३७ जनुकांत नाही. माणसात ते केंद्रकात, दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. प्रथिन बाहेर पेशीद्रवात बनतं, त्याच्या टोकाला पत्त्याची चिठ्ठी लागते, दोन पटलांतल्या दोन दारांमधून ते आत शिरतं, चिठ्ठी कापली जाते आणि मग ते आपल्या गळ्यापाशी जाऊन बसतं. जमीन कसणारा तोच, सातबारा मात्र कधीच दुसऱ्याच्या नावावर झालेला. मानवी तंतुकणिकेच्या प्रथिनांची २०२० साली अद्ययावत केलेली यादी १,१३६ जनुकांची आहे. त्यांतली १३ सोडली तर सगळी केंद्रकात.

शिवाय ही सगळी त्या जीवाणूची वारसदारही नाहीत. वंशावळी तपासणाऱ्यांच्या अंदाजांनुसार ज्यांचं मूळ स्पष्टपणे अल्फाप्रोटिओबॅक्टेरियात सापडतं अशी साधारण दहा ते वीस टक्केच. बाकीची यजमानाची, इतर जीवाणूंची, किंवा नंतर नव्याने घडलेली. तंतुकणिकेचा डीएनए वाचून आरएनए बनवणारं प्रथिन तर जीवाणूंना खाणाऱ्या टी-७ सारख्या विषाणूच्या घराण्यातलं आहे. तो तिसराच कुणीतरी केव्हा घरात आला, कोण जाणे. उलट जीवाणू ज्या एफटीएस-झेड प्रथिनाने स्वतःला मधोमध आवळून दुभागतात ते काही एकपेशीय शैवालांच्या तंतुकणिकांत अजून सापडतं, आपल्यात मात्र पार गेलं. आपल्या तंतुकणिकेने केव्हा दुभंगायचं हे आता यजमानाच्या डायनॅमिन घराण्यातलं प्रथिन ठरवतं.

आणि घडीचं पूर्ण चित्र तर दोघांच्या सहीचं आहे. गळा मिक-६०चा, म्हणजे जीवाणूच्या वारशाचा. घडीची टोकाकडची धारदार कड मात्र एटीपी सिंथेज या यंत्राच्या जोड्यांच्या रांगांनी वाकवलेली असते. ते यंत्र मूळ जीवाणूचंच, पण जीवाणूत ते एकेकटं असतं. त्याच्या जोड्या जमवणारे जास्तीचे भाग नंतर, पेशीच्या आत, नव्याने आले. जुन्या यंत्राला नवे भाग जोडून असा आकार उभा राहिला, जो ना त्या जीवाणूत होता ना यजमानात. नैयायिक ज्याला अवयवी म्हणतो त्याचं याहून चांगलं उदाहरण शोधूनही मिळायचं नाही. वजन वाढलं नाही, पण जगात एका वस्तूची भर पडली.

वात्स्यायनाची लाखेची शंका मात्र अजून शिल्लक आहे. ओढून बघू. तंतुकणिका पेशीबाहेर काढून खाऊपिऊ घातली तर ती वाढत नाही, वंश चालवत नाही. हजारभर प्रथिनांची रसद तुटते. उलट बाजूने ओढलं तर? माणसाच्या तांबड्या रक्तपेशी परिपक्व होताना तंतुकणिका टाकून देतात आणि त्यांच्याविना सुमारे १२० दिवस बिनतक्रार काम करतात. २०१६ मध्ये चिंचिला या उंदीरवर्गीय प्राण्याच्या आतड्यातला मोनोसर्कोमोनॉइडिस नावाचा एकपेशीय जीव जाहीर झाला, ज्याच्यात तंतुकणिकेचा मागमूस नाही. पूर्वजांकडे ती होती, याने गमावली. म्हणजे बंध दोन्हीकडून सारखा नाही. अवयवाला अवयवीवाचून गत्यंतर नाही, अवयवी क्वचित अवयवावाचून निभावून नेतो. प्राचीन वादात हा विषमतेचा मुद्दा कुणी फारसा ताणला नव्हता, कारण कापड आणि धागा घेऊन बसलेल्यांना तो सुचायचं कारण नव्हतं.

या टप्प्यावर एक मोह होतो. जैन परंपरेत निगोद नावाच्या अतिसूक्ष्म जीवांची कल्पना आहे: अनंत जीव एकाच शरीरात राहतात, त्यांचा आहार एक, श्वासोच्छ्वास एक. श्वसनासाठी एकत्र आलेले जीव, एकच देह! व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आपल्या पूर्वजांना मायटोकॉन्ड्रिया ठाऊक होता’ असा मजकूर फिरायला एवढं पुरेसं आहे. पण निगोदाची कल्पना अहिंसेची व्याप्ती कुठवर न्यायची या चिंतेतून आणि कर्माच्या हिशेबातून आलेली. तिथे प्रत्येक जीव स्वतंत्र राहतो, शरीर तेवढं सामाईक असतं. तंतुकणिकेत नेमकं उलटं घडलं. शरीर वेगळं राहिलं, पटलांसकट, आणि स्वतंत्रपणा गेला. साम्यापेक्षा हा फरक जास्त शिकवतो, आणि जैन आचार्यांचा मानही त्यातच जास्त राखला जातो.

तरीही मूळ पूर्ण पुसलं जात नाही, याची साक्ष कानाचे डॉक्टर देतील. जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही प्रतिजैविकं जीवाणूचा प्रथिनं बांधणारा रायबोसोम बिघडवतात. माणसाच्या तंतुकणिकेचा रायबोसोमही त्याच घराण्यातला, पण पुरेसा बदललेला, म्हणून औषध त्याला सहसा सोडून देतं. काही घराण्यांत मात्र तंतुकणिकेच्या डीएनएमधलं १५५५ क्रमांकाचं एकच अक्षर बदललेलं असतं. ए च्या जागी जी. तेवढ्या बदलाने रायबोसोमचा तो कोपरा पुन्हा जीवाणूसारखा दिसू लागतो, औषध तिथे जाऊन बसतं, आणि नेहमीच्या मात्रेनेही माणूस कायमचा बहिरा होऊ शकतो. हा वारसा आईकडूनच येतो.

या सगळ्याचा धर्माशी थेट संबंध आला तो ब्रिटनमध्ये. तंतुकणिकेच्या डीएनएमधल्या दोषामुळे काही घरांत मुलं जगत नाहीत. न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी तयार केलेल्या पद्धतीत आई-वडिलांच्या फलित बीजातलं केंद्रकीय द्रव्य उचलून दुसऱ्या स्त्रीच्या, केंद्रकीय द्रव्य काढून टाकलेल्या फलित बीजात ठेवतात. ३ फेब्रुवारी २०१५ रोजी हाउस ऑफ कॉमन्सने ३८२ विरुद्ध १२८ मतांनी त्याला परवानगी दिली. इंग्लंडमधल्या कॅथलिक बिशपांनी विरोध केला होता. त्यांचा मुख्य आक्षेप या पद्धतीत एक मानवी भ्रूण नष्ट होतो हा होता. चर्च ऑफ इंग्लंडने सुरक्षेचा आणि नीतीचा विचार अजून पुरेसा झालेला नाही असं म्हटलं. वृत्तपत्रांनी ‘तीन पालकांचं मूल’ असा मथळा चालवला. जुलै २०२५ मध्ये न्यूकॅसलमधून या पद्धतीने आठ बाळं जन्मल्याचं जाहीर झालं.

दात्रीचा वाटा किती, यावर समर्थकांचं उत्तर मोजणीचं होतं: एकूण डीएनएच्या ०.१ टक्क्याहूनही कमी, म्हणजे जवळपास काहीच नाही. हा युक्तिवाद वाटतो तेवढा भक्कम नाही. एका अक्षराने कान जातो तिथे टक्केवारीने काय सिद्ध होणार? त्याच ३७ जनुकांत दोष असला की मूल दगावतं, म्हणून तर हा सगळा खटाटोप. समर्थकांकडे याहून चांगलं उत्तर होतं आणि ते वादात फारसं पुढे आलं नाही. त्या बाळाला दात्रीच्या बीजातून तंतुकणिका मिळाल्या, घड्यांसकट, पूर्ण. पण प्रथिनं झिजतात आणि बदलली जातात. भ्रूण वाढू लागल्यावर नवं मिक-६० येतं ते बाळाच्या केंद्रकातल्या जनुकांवरून, निम्मं आईच्या आणि निम्मं बापाच्या. नवं सॅम-५० तसंच. हजाराहून जास्त प्रथिनांचं तेच. बीजात आलेला परक्या स्त्रीचा साठा यथावकाश संपतो आणि १३ प्रथिनं व थोडे आरएनए वगळता तंतुकणिका आई-बापाच्या मालाने पुन्हा बांधली जाते. जीवाणूचा वारसा म्हणून जे सांगितलं जातं त्याचा मोठा भाग या बाळाकडे बापाकडूनही येतो, हे ऐकून दोन्ही बाजूंचे वक्ते चमकले असते.

धर्मकीर्ती इथे थांबला नसता. त्याने विचारलं असतं, मग बाळाची तंतुकणिका पहिल्या दिवशी दात्रीची होती आणि नंतर आई-बापाची झाली, तर कोणत्या दिवशी? नैयायिकाने उत्तर दिलं असतं की अवयव बदलताना अवयवी प्रत्येक वेळी नवा होतो, मालकी अवयवाला विचारायची नसते. ब्रिटिश नियमांनी वेगळ्याच वाटेने याच्या जवळपासची जागा गाठली आहे: दात्री कायद्याने पालक नाही. बीज किंवा शुक्राणू दान करणाऱ्याची ओळख मुलाला अठराव्या वर्षी मागता येते. तंतुकणिका देणाऱ्या स्त्रीबद्दल मात्र सोळाव्या वर्षी काही माहिती मिळू शकते, पण नाव-गाव नाही.